स्वरयंत्र काढल्यानंतर बाबा पुन्हा बोलतील का?

फोंडा तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांचे वडील ६३ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावच्या जत्रेत होणाऱ्या मराठी नाटकांत त्यांनी तीसेक वर्षे भूमिका केल्या आहेत. स्वरयंत्राच्या कर्करोगामुळे त्यांचे संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागणार असून शस्त्रक्रिया तीन आठवड्यांवर आली आहे. 'आवाज जाईल, पण नंतर मशीन किंवा व्हॉल्व्ह मिळतो' एवढेच त्यांना सांगण्यात आले आहे. बाबा पुन्हा बोलतील का, मशीन घ्यावे की व्हॉल्व्ह, हा खर्च एकदाच होतो की पुनःपुन्हा, आणि पुण्याला असलेल्या भावाला त्यांच्याशी फोनवर बोलता येईल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. आईचे म्हणणे मात्र असे की, त्यांनी आता पाटीवर लिहूनच सांगावे, उगाच घशाला त्रास नको.

ताई, बाबा बोलतील. गेली २६ वर्षे मी गोव्यात वाचोपचाराचे, म्हणजे बोलण्याच्या अडचणींवरील उपचारांचे, काम करते आहे आणि हे वाक्य केवळ धीर देण्यासाठी लिहीत नाही. स्वरयंत्र फक्त आवाज तयार करते. त्या आवाजाचे शब्द घडवण्याचे काम जीभ, ओठ, टाळू, दात आणि जबडा करतात, आणि हे सगळे बाबांकडे राहणार आहे. भजनाच्या पेटीतील सूर काढून घेतले तरी भाता आणि वाजवणाऱ्याची बोटे शाबूत असतात, तसेच हे आहे. फरक एवढाच की, या पेटीत भात्याच्या हवेची वाटही बदललेली असते. शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचे वरचे तोंड मानेच्या खालच्या भागात पुढच्या बाजूला आणून त्वचेला शिवतात. त्या छिद्राला डॉक्टर स्टोमा म्हणतात, घरची माणसे सरळ 'भोक' म्हणतात. यापुढे श्वास तिथूनच आत जाणार आणि तिथूनच बाहेर येणार. नाक आणि तोंड आता केवळ अन्ननलिकेला जोडलेले राहतात, त्यामुळे फुप्फुसांतली हवा तोंडापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे अडचणी दोन आहेत: कंप पावणारे काहीतरी नवे शोधायचे, आणि त्याला हवा किंवा ऊर्जा कुठून पुरवायची हे ठरवायचे. आज उपलब्ध असलेले तिन्ही मार्ग या दोनच अडचणींची वेगवेगळी उत्तरे आहेत. प्रश्न जुना आहे. थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नामध्ये ३१ डिसेंबर १८७३ रोजी कर्करोगासाठी पहिले संपूर्ण स्वरयंत्र काढले, तेव्हाच त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले होते.

तुम्ही ज्याला मशीन म्हणता त्यापासून सुरुवात करते, कारण कोणताही अंतिम पर्याय निवडला तरी पहिल्या काही दिवसांत उपयोगी पडते ते तेच. इलेक्ट्रोलॅरिंक्स हे छोट्या टॉर्चएवढे, बॅटरीवर चालणारे उपकरण आहे. त्याचे टोक मानेला किंवा गालाला टेकवून बटण दाबले की त्याचा कंप त्वचेतून तोंडात उतरतो, आणि माणूस नेहमीसारखे ओठ व जीभ हलवत गेला की त्या कंपाचे शब्द होतात. टाके ओले असताना आणि मान सुजलेली असताना हे टोक मानेला लावायचे नसते. तेव्हा उपकरणाला बारीक नळी जोडून ती ओठांच्या कोपऱ्यातून थोडी आत घेतात. रुग्ण रुग्णालयात असतानाच 'पाणी', 'कड बदला', 'डॉक्टर कधी येणार' एवढे बोलू लागला की त्याची अर्धी भीती निघून जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पुढे सूज उतरल्यावर मानेवरची योग्य जागा शोधावी लागते. टोक त्या जागी पूर्ण टेकले तर आवाज तोंडातून स्वच्छ येतो आणि अर्धा सेंटिमीटर सरकले तर नुसती भुणभुण ऐकू येते. ती जागा सापडली की पहिले काही दिवस मी तिथे पेनाने ठिपका काढून देते. किरणोपचारांनंतर काही जणांची मान लाकडासारखी घट्ट होते, त्यांच्यासाठी गालच बरा. उपकरण शक्यतो डाव्या हातात धरायला शिकवते, म्हणजे उजवा हात लिहायला, जेवायला, दार उघडायला मोकळा राहतो.

यंत्राचा आवाज एकसुरी असतो, हे सगळेच सांगतात. त्याहून त्रासदायक गोष्ट मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्यांना वेगळीच जाणवते. यंत्राचा कंप सतत चालू असल्यामुळे अघोष व्यंजने (ज्यांत स्वरयंत्र कंप पावत नाही) घोष (कंपासह उच्चारलेली) ऐकू येतात: 'काल' म्हटले तर 'गाल' वाटते, 'तार' म्हटले तर 'दार'. त्यावर उपाय असा की, क, च, ट, त, प ही व्यंजने तोंडात कोंडलेल्या हवेच्या जोरावर नेहमीपेक्षा ठसठशीत फोडायची आणि त्या क्षणी बटण सोडायला शिकायचे. 'ह' हा वर्ण मात्र स्वरयंत्रातच तयार होतो, त्यामुळे तो जवळजवळ हरवतो, आणि ख, घ, थ, ध, भ यांच्यातला महाप्राण, म्हणजे 'ह'सारखा हवेचा झोतही पुसट होतो. डिचोलीकडचे एक काका ड्रेसिंग करताना पत्नीला 'हळू, हळू' म्हणत होते आणि काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'आता ह्यांना अळू कुठून आणून देऊ?' तेव्हापासून मी रुग्णांना 'हळू'ऐवजी 'सावकाश' म्हणायला सांगते. असे पर्यायी शब्द हेरून ठेवणे हा आमच्या उपचाराचाच भाग आहे. कोंकणीत 'हांव'चे (म्हणजे 'मी'चे) 'आंव' होते, पण गोव्यात कितीतरी माणसे एरवीही तसेच उच्चारतात, म्हणून ते कोणाला खटकत नाही.

दुसरा मार्ग अन्ननलिकेच्या आवाजाचा. यात उपकरण नाही, बॅटरी नाही, दोन्ही हात मोकळे. जिभेच्या साहाय्याने तोंडातली हवा मागे ढकलून अन्ननलिकेच्या वरच्या भागात घ्यायची आणि ती पोटात उतरण्याआधीच परत सोडायची. परत येताना घसा आणि अन्ननलिका यांच्या संधीवर असलेली स्नायूंची घडी थरथरते आणि आवाज निघतो. पत्नी किंवा सुना हे पाहून 'ढेकर देऊन बोलायचे?' म्हणून संकोचतात. त्यांना मी सांगते की, ढेकर पोटातून येतो, ही हवा पोटापर्यंत गेलेलीच नसते. या पद्धतीची खरी मर्यादा हवेच्या साठ्याची आहे. फुप्फुसांत लिटरांनी हवा मावते, अन्ननलिकेत जेमतेम ८० मिलिलिटर. म्हणून एका दमात चार-पाच अक्षरे निघतात, मग पुन्हा हवा घ्यावी लागते. आवाजाची पट्टीही खूप खाली असते. पुरुषाच्या नेहमीच्या आवाजात सेकंदाला १०० ते १३० कंपने असतात, इथे ती साधारण ६० ते ८० असतात; बायकांना हा फरक अधिक बोचतो, कारण फोनवर त्यांना पुरुष समजले जाते.

शिकवण्याचा क्रमही भाषेवर अवलंबून असतो. प, ट, त, क ही व्यंजने उच्चारताना तोंडात जो दाब तयार होतो तोच हवा मागे ढकलायला मदत करतो, म्हणून सुरुवात 'पा', 'टा', 'का' यांनी होते आणि पुढे 'काका', 'टोपी', 'पाट', 'कप' असे शब्द येतात. रुग्णाला मात्र पहिल्या दिवशी 'आई' म्हणायचे असते किंवा नातीला हाक मारायची असते. 'आई' हा शब्द नुसत्या स्वरांचा आहे, त्याला टेकायला एकही व्यंजन नाही, त्यामुळे तो सर्वांत कठीण शब्दांपैकी एक ठरतो. हे आधी सांगितले नाही तर माणूस पहिल्याच बैठकीत खचतो.

या पद्धतीबाबत माझ्या हातून झालेली चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझा समज होता की, अन्ननलिकेचा आवाज हाच सर्वांत 'खरा' आवाज आणि तो न येणे म्हणजे सराव कमी पडणे. पेडण्याहून दोन बस बदलून येणाऱ्या एका गवंडीकाम करणाऱ्या गृहस्थांना मी सात महिने 'पा-टा-का' करायला लावले आणि दर वेळी 'घरी करत नाही वाटतं' असे ऐकवले. शेवटी बेरियम पाजून क्ष-किरणांखाली पाहिले तेव्हा दिसले की, हवा वर येताच त्यांच्या त्या घडीचे स्नायू आवळून घट्ट होत होते. त्यांनी सात वर्षे सराव केला असता तरी आवाज निघाला नसता. ते नंतर मशीनवर उत्तम बोलू लागले, पण माझ्याशी बोलताना बरेच दिवस तुटकच बोलत. आता दोन-तीन महिन्यांत एकही अक्षर निघाले नाही तर मी सराव वाढवत नाही, कारण शोधते. एरवी ही पद्धत चांगली यायला सहा महिने ते वर्ष लागते आणि ती सगळ्यांना साधतेच असे नाही.

आता व्हॉल्व्हकडे वळते. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक पातळ भिंत असते. तिला छोटे छिद्र पाडून त्यात सिलिकॉनची एकमार्गी झडप बसवतात. बाबा श्वास घेतील, मानेवरचे छिद्र अंगठ्याने बंद करतील आणि श्वास सोडतील. बाहेर जायची वाट बंद झालेली हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरेल आणि वर सांगितलेली तीच घडी कंप पावेल. म्हणजे कंपनाची जागा तीच, पण हवा फुप्फुसांची. म्हणूनच एका दमात दहा-पंधरा सेकंद सलग बोलता येते, वाक्ये पूर्ण होतात, बोलण्याचा ठेका मूळच्या बोलण्यासारखा राहतो. झडप अशी की, ती अन्नपाणी श्वासनलिकेत येऊ देत नाही. पोलंडमध्ये मोझोलेव्स्की यांनी १९७२ मध्ये अशी झडप वापरली, पण पद्धत सर्वत्र रुजली ती १९८० मध्ये अमेरिकेतील सिंगर आणि ब्लोम यांनी सोपे तंत्र मांडल्यानंतर. नेदरलँड्समधील प्रोव्हॉक्स ही झडप १९९० पासूनची. आपल्याकडे बेंगळुरूचे कर्करोग शल्यचिकित्सक विशाल राव आणि उद्योजक शशांक महेश यांनी 'ओम' नावाची अत्यंत स्वस्त झडप तयार केली, आणि परदेशी झडप परवडत नाही म्हणून गप्प राहणाऱ्यांसाठी ती मोठी गोष्ट आहे.

झडप मुख्य शस्त्रक्रियेच्या वेळीच बसवता येते किंवा काही महिन्यांनी वेगळी प्रक्रिया करून बसवता येते. आधीच बसवली तर जखम भरल्यावर, बहुतेकदा दोन आठवड्यांच्या सुमारास, पहिला प्रयत्न करता येतो. पूर्वी किरणोपचार झाले असतील किंवा घसा दुसरीकडच्या मांसाने पुन्हा घडवावा लागला असेल तर शल्यचिकित्सक थांबणे पसंत करतात, आणि त्यांचे ऐकावे. नंतर बसवायची असेल तर आम्ही एक तपासणी करतो: नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडून तिच्यातून हवा देतो आणि रुग्णाला 'आ' लांबवायला व १५ पर्यंत आकडे मोजायला सांगतो. आवाज सहज निघाला तर झडप लाभेल असा अंदाज बांधता येतो. आवळून निघाला तर त्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देऊन ते सैल करता येतात. त्या गवंडीकाकांच्या वेळी मला हे सुचायला हवे होते.

पहिल्या आवाजाच्या दिवशी चुका ठरलेल्या असतात. माणूस छिद्र जिवाच्या आकांताने दाबतो, त्यामुळे आतली घडी दबून आवाजच निघत नाही. अंगठा दाबायचा नाही, बासरीच्या छिद्रावर ठेवतात तसा ठेवायचा, फक्त हवा निसटू द्यायची नाही. दुसरी चूक म्हणजे फुंकर मारल्यासारखा जोर लावणे. मग मानेतून 'फुस्स' असा आवाज येतो आणि शब्द त्याखाली बुडतात. आणि तिसरी, एका श्वासात सगळे सांगून टाकण्याची घाई. मी आरशासमोर बसवते आणि नुसता 'आ' काढायला सांगते. तो निघाला की खोलीत कोणीतरी रडतेच, बहुतेकदा जावई.

झडपेची दुसरी बाजू मात्र माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते, म्हणून ती इथे मोठ्या अक्षरात लिहिते. झडप ही कायमची वस्तू नाही. कोणाची दोन महिन्यांत बदलावी लागते, कोणाची सहा, एखाद्याची त्याहून अधिक टिकते. बदलायला बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटे पुरतात, पण ते काम प्रशिक्षित हातांचे आहे आणि ते आयुष्यभर चालणार आहे. दिवसातून दोनदा, शिवाय जेवणानंतर गरज वाटल्यास, आरसा आणि टॉर्च घेऊन तिच्या मापाच्या छोट्या ब्रशने ती साफ करावी लागते. तिच्यावर कॅन्डिडा नावाची बुरशी बसते, बुरशीने पडदा वाकतो आणि पाणी आत झिरपू लागते. कवळी रात्री काढून धुणे, तोंड स्वच्छ ठेवणे, साखर कमी करणे, आम्लपित्ताचे औषध न चुकवणे आणि डॉक्टरांनी दिलेले बुरशीविरोधी औषध वेळेवर घेणे, यावर तिचे आयुष्य बरेच अवलंबून असते. ताकाने ही बुरशी कमी होते का, यावर नेदरलँड्समध्ये प्रयोग झाले आहेत आणि निष्कर्ष ताकाच्या बाजूचे आहेत. आपल्याकडे जेवणात ताक असतेच, त्यामुळे ते घ्यायला माझी हरकत कधीच नसते. मात्र ते ब्रशाची जागा घेत नाही.

गळती ओळखणे घरच्यांनी शिकून घ्यावे. घट्ट अन्नाने काही होत नाही आणि चहा, सोलकढी किंवा पेजेचे पाणी पिताच खोकला येतो, तर झडप गळते असे समजावे. आम्ही रंगीत पाणी पाजून मानेवरच्या छिद्रात टॉर्चने पाहतो: थेंब झडपेच्या मध्यातून आला तर पडदा खराब, आणि कडेने आला तर माप चुकले किंवा भोवतालची जागा सैल झाली. एका उत्साही मुलाने घरी कोकमाचे सरबत पाजून ही तपासणी केली आणि लाल थेंब पाहून रक्त येते म्हणून रात्री अकराला मला फोन केला. रंग हिरवा किंवा निळाच वापरा. गळती सुरू झाल्यावर भेट मिळेपर्यंत पातळ पदार्थ टाळून घट्ट आंबील, दही असे घ्यावे. आणि सगळ्यात महत्त्वाचे: झडप खोकल्याबरोबर बाहेर पडली, तर आतल्या भिंतीतले झडपेचे छिद्र काही तासांतच आक्रसू लागते. रुग्णालयातून घरी जातानाच योग्य मापाचा रबरी कॅथेटर मागून घ्यावा, तो झडपेच्या त्या छिद्रात कसा सरकवून चिकटवायचा ते शिकून घ्यावे आणि मग लगेच डॉक्टरांकडे जावे. पडलेली झडप हाती लागली नाही तर ती श्वासनलिकेत गेलेली असू शकते, तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. मशीनचा खर्च मुख्यतः एकदाच, पुढे बॅटरी. परदेशी झडपेचा खर्च हजारो रुपयांत आणि पुनःपुन्हा. अन्ननलिकेच्या आवाजाला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचे कार्ड तुमच्याकडे असेल तर पहिली झडप आणि पुढच्या बदलाच्या झडपा त्यात बसतात का, हे शस्त्रक्रियेआधी लेखी विचारून घ्या. पहिली मिळते म्हणून बसवायची आणि दुसरीच्या वेळी घरात वाद व्हायचे, हे मी पाहिले आहे.

मग बाबांसाठी काय? माझे मत असे की, शल्यचिकित्सकांची हरकत नसेल तर त्यांना मुख्य शस्त्रक्रियेच्या वेळीच झडप बसवावी. शिक्षक आणि नट या दोघांनाही लांब वाक्ये लागतात, तुमचे घर फोंड्याजवळ असल्याने बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) किंवा दुसऱ्या केंद्रात महिन्याकाठी जाणे अवघड नाही, आणि झडप रोज साफ करायला त्यांच्या हाताला कंप नसावा व चष्म्याने का होईना जवळचे स्पष्ट दिसावे, एवढ्या दोन अटी तुम्ही घरीच तपासू शकता. त्याशिवाय एक मशीन घरात असावेच, मग झडप कितीही चांगली चालो. झडप गळते त्या आठवड्यात माणूस मुका राहू नये. हेच बाबा काणकोणच्या किंवा सत्तरीच्या आतल्या गावात एकटे राहणारे, हात थरथरणारे असते, तर मी मशीनच सुचवले असते आणि त्यात कमीपणा मानला नसता. कोणता आवाज गोड लागतो यापेक्षा तो कोणाच्या घरी, किती अंतरावर, कोणाच्या हाताने सांभाळला जाणार, हे मी आधी विचारते. रंगमंचाबाबत मात्र स्पष्ट लिहिते: ओरडणे, सुरांची चढउतार आणि पदे गाणे साधणार नाही. आरतीच्या वेळी घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवता येईल, आरती म्हणताना सूर लागणार नाही. कमरेला बांधायचा छोटा ध्वनिवर्धक घेतला तर दहा-वीस जणांत ते सहज बोलू शकतील, तालमीत संवाद सांगू शकतील.

या तीन आठवड्यांत करायची कामे आहेत आणि ती नंतर करता येत नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी वाचोपचारतज्ज्ञांची एक भेट घ्या, आणि शक्य असेल तर आधी स्वरयंत्र काढलेल्या, आता बोलणाऱ्या एखाद्या माणसाशी बाबांची गाठ घालून द्या. माझ्या तासाभराच्या बोलण्याने जे होत नाही ते त्या माणसाच्या दोन वाक्यांनी होते. बाबांचा आवाज आत्ता घोगरा झाला असला तरी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा: घरातल्यांची नावे, हाका, रोजची वाक्ये, एखाद्या नाटकातला उतारा, कोंकणी आणि मराठी दोन्हींत. रुग्णालयातील पहिल्या दिवसांसाठी पाटी-पेन्सिल, चष्मा आणि पलंगाजवळ घंटी ठेवा. नळीतून अन्न चालू असेपर्यंत आणि जखम भरेपर्यंत मशीनवरचे थोडे शब्द सोडले तर लिहूनच भागवावे लागते, तेवढ्यापुरते आईंचे म्हणणे बरोबर आहे. त्यापुढे पाटी हाताशी राहू द्या, पण उत्तर तिच्यावरच मागू नका. आणि आईंची श्रवणतपासणी करून घ्या. हे ऐकून लोक हसतात, पण साठीतल्या पत्नीला थोडे कमी ऐकू येत असेल तर नवा खरखरीत आवाज तिला मुळीच कळत नाही आणि ठपका बाबांच्या बोलण्यावर येतो.

मानेतल्या छिद्राबद्दल थोडे, कारण बोलणे शिकायला माणूस आधी सुखरूप हवा. विहिरीवर किंवा झरीवर डोक्यावरून पाणी ओतून घेणे बंद. आंघोळीला छिद्रावर आडोसा हवा. पोहणे नाहीच. एका रांपणकाराने (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराने) मला विचारले होते की, लाइफ जॅकेट घातले तर होडीत जाता येईल ना? जॅकेट तोंड पाण्यावर ठेवते, त्यांचा श्वास मात्र तोंडाखाली चार बोटांवर होता. त्यांनी किनाऱ्यावरून दोर ओढण्यापुरते काम ठेवले. नाकाने हवा गाळली जात नसल्याने छिद्रावर सुती कापड किंवा श्वास ओलसर ठेवणारी फिल्टरची कॅसेट असावी. आपल्याकडच्या दमट हवेत खपली कमी धरते, पण खाणपट्ट्यातली धूळ आणि एसीची कोरडी हवा दोन्ही त्रास देतात. वासही नाहीसा होतो, कारण नाकातून हवा फिरत नाही. ओठ मिटून जबडा खाली सोडायचा, जांभई दडवल्यासारखी, म्हणजे नाकात थोडी हवा ओढली जाते आणि फोडणीचा वास पुन्हा येऊ लागतो. किरणोपचार झाले तर थायरॉइडची तपासणी ठरावीक काळाने करून घ्या. बोलण्याचा कंटाळा, सुस्ती यामागे कधी कधी तेच असते. आणि बाबांच्या खिशात 'मी मानेतून श्वास घेतो' असे मराठी आणि इंग्रजीत लिहिलेले कार्ड ठेवा. माझ्या एका रुग्णाला चक्कर आली तेव्हा एका दवाखान्यात त्याच्या नाकाला ऑक्सिजनचा मास्क लावून ठेवला होता. मुलगी पोहोचून तो मानेवर सरकवेपर्यंत कोणाच्याच लक्षात आले नाही.

भावाचा फोन. व्हॉल्व्हवर बाबा जवळजवळ नेहमीसारखे फोनवर बोलतील, फक्त एका हाताने छिद्र बंद करायचे असल्याने स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवणे सोयीचे. मशीन वापरत असतील तर फोनचा माइक तोंडाजवळ धरावा, मानेपासून दूर, नाहीतर पलीकडे नुसती गुणगुण जाते. अनोळखी माणसे हा आवाज जाहिरातीचा समजून फोन बंद करतात. म्हणून आमचे रुग्ण पहिले वाक्य पाठ करून ठेवतात आणि ते म्हणून झाले की क्षणभर थांबतात: 'मी मशीनवरून बोलतो आहे, फोन ठेवू नका.'